ही कुठलीही आजी आहे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

माझी आई आठ महिन्यांपूर्वी गेली. सगळं आयुष्य तिनं एका लहान गावात काढलं. नोकरी केली नाही, कुठल्या मंडळावर नव्हती, घर सोडून फारशी कुठे गेली नाही. आम्ही तिघं भावंडं, पाच नातवंडं. पहिल्या स्मृतिदिनाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि ‘तुझं मराठी बरं आहे’ म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. चार पानं लिहिली. मायाळू, कष्टाळू, घरासाठी झिजलेली, स्वतःसाठी कधी काही न मागितलेली. माझ्या मुलीनं वाचलं आणि म्हणाली, ‘‘आई, ही आजी नाहीये. ही कुठलीही आजी आहे.’’ तेव्हापासून अडून बसले आहे.

दुसरं, तिच्या कपाटात हिशेबाची वही सापडली. ओळखीच्या बायकांना अनेक वर्षं उसने दिलेले पैसे तिनं त्यात मांडून ठेवलेत. घरात कुणालाच पत्ता नव्हता. बाबा तिच्याआधी गेले, त्यांनाही माहीत नसावं. मला हे लिहावंसं वाटतं. दादा म्हणतो, ‘‘आईला चोरटी ठरवू नकोस.’’

तिसरं मी कुणाशी बोललेली नाही. शिकायला बाहेरगावी जायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. आईनं मोडता घातला. दोन वर्षांनी धाकट्या भावाला मात्र पाठवलं. यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. आता नुसतं गोड लिहिताना खोटं बोलतेय असं वाटतं आणि खरं लिहिलं तर कृतघ्न ठरेन. काय करू?

ता. क. मुखपृष्ठावर फोटो कोणता, यावरही आमचं जुळत नाही.

उत्तर:

ताई,

आधी मुलीला शाबासकी द्या. तिनं एका वाक्यात जे सांगितलं ते सांगायला मला हे सगळं सदर लागणार आहे.

एक करून बघा. त्या चार पानांवरचं आईचं नाव खोडा आणि ओळखीतल्या कुठल्याही काकूंचं नाव घाला. वाक्यं जशीच्या तशी चालली, तर लेख अजून तुमच्या आईचा झालेला नाही. यात तुमच्या मराठीचा दोष नाही आणि ती विशेषणं खोटी आहेत असंही नाही. फक्त ती सगळी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली आहेत. तुम्हाला माया मिळाली म्हणून ती मायाळू, तुमच्यासाठी राबली म्हणून कष्टाळू, तुम्हाला उलटून बोलली नाही म्हणून सोशिक. त्या पानांवर तुम्ही तिघं आणि पाच नातवंडं भरपूर असणार, तीच नसणार. घर सांभाळणाऱ्या बाईवरचा स्मृतिलेख असला की ‘स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही’ हे वाक्य त्यात असतंच. मला या वाक्याचा विशेष राग आहे. तिनं मागितलं नाही, की मागितलेलं कुणाच्या कानावर गेलं नाही, हे लिहिणाऱ्यानं कधी तपासलेलं नसतं.

तुमच्या पत्राची सुरुवातच बघा. नोकरी केली नाही, मंडळावर नव्हती, कुठे गेली नाही. आईची ओळख करून देताना तुम्ही आधी ती काय नव्हती याची यादी दिलीत. ‘आयुष्य साधं होतं, लिहिण्यासारखं काही नाही’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या यादीमागे तेच आहे. म्हणून थोडी आकडेमोड सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात असा हिशेब आहे की ६४ देशांत मिळून रोज सुमारे १६.४ अब्ज तास घरकामात आणि माणसांची देखभाल करण्यात बिनपगारी जातात, आणि त्यातले ७६.२ टक्के तास बायकांचे असतात. दोन अब्ज माणसांनी रोज आठ तास फुकट राबावं, एवढं हे काम होतं. तुमच्या आईनं नोकरी केली नाही हे खरंच आहे. त्यावरून तिला उद्योग नव्हता असं वाचणाऱ्याला वाटू नये, एवढी काळजी लिहिताना घ्या.

कुणाचं आयुष्य नोंदवण्याजोगं, हे ठरवण्यात मोठमोठ्यांची चूक झालेली आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०१८ च्या महिला दिनी जाहीर कबुली दिली की १८५१ पासून आपण छापलेले मृत्युलेख बहुतांशी गोऱ्या पुरुषांचेच आहेत. मग राहून गेलेल्यांवर त्यांनी उशिरानं लेख लिहायला घेतले. पहिल्याच खेपेत आपली मधुबालाही होती. अख्ख्या देशाला ठाऊक असलेली नटी सुटू शकते, तिथे लहान गावातल्या गृहिणीची नोंद कोण ठेवणार? घरच्यांनी ठेवली तरच. त्यामुळे पुस्तिका काढायचं तुम्ही ठरवलंत ते उत्तम झालं. मासिकाच्या अर्ध्या पानाएवढ्या गुळगुळीत मजकुरावर ती संधी घालवू नका, एवढंच.

आजी म्हणून तिच्याबद्दल लिहितानाही हाच घोळ होतो. आजी म्हणजे लाड, गोष्टी, कुशी. पण आजीपण हे कामसुद्धा असतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या फिनलंड आणि कॅनडामधल्या कुटुंबांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीनंतर बाई जितकी जास्त जगली तितकी तिची नातवंडं जास्त होती, दर दहा वर्षांमागे साधारण दोन. आई हयात असलेल्या मुलामुलींची मुलं जास्त संख्येनं जगत होती. तेव्हा नातवंडांवर तिचं प्रेम होतं असं लिहिण्याऐवजी कोणाच्या बाळंतपणाला ती किती दिवस येऊन राहिली, कोणाच्या आजारपणात रात्री जागली, कोणाला वाचायला शिकवलं, कोणाच्या परीक्षेच्या काळात घर कसं चालवलं, हे लिहा. आणि कोणाकडे ती यायला तयार झाली नाही, तेही.

हे सगळं तुम्हाला एकटीला आठवणार नाही. लोकांना विचारावं लागेल आणि विचारायचं कसं, यावर निम्मं काम अवलंबून आहे. ‘आई कशी होती?’ असं कुणालाही विचारू नका. त्याचं उत्तर विशेषणातच येतं. काय करायची, असं विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं? पैसे कुठे ठेवायची? कुणाशी अबोला होता आणि कशावरून? कोणतं काम शेवटपर्यंत टाळायची? तिला काय येत नव्हतं? राग आला की बोलायची की भांडी आपटायची? घरात कुणाचं ऐकायची, आणि ऐकल्यासारखं दाखवून स्वतःचंच कधी करायची? शेवटचा प्रश्न बायकांना विचारा. पुरुषांना बहुधा उत्तर माहीत नसतं.

विचारायचं कुणाला, याचाही विचार करा. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे स्मरणाच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे आईच्या वयाची जी मंडळी आज आहेत, मावशी, मामा, आत्या, तिच्याबरोबर शाळेत गेलेली एखादी मैत्रीण, त्यांच्याकडे तिचं तरुणपण अजून टवटवीत असणार. त्यातला लग्नाआधीचा काळ तर तुम्हा भावंडांपैकी कुणीही पाहिलेला नाही. तुमच्यासाठी ती पहिल्या दिवसापासून आईच होती. लग्नाआधी तिला कोणत्या नावानं हाक मारायचे, कशात ती पुढे होती, काय व्हायचं होतं तिला, हे त्यांच्याखेरीज कुणी सांगू शकणार नाही. पहिल्यांदा यांच्याकडे जा. भावंडांकडून आणि नातवंडांकडून नंतरही घेता येईल, या मंडळींचा भरवसा नाही.

शक्यतो समक्ष भेटा, एका वेळी एकाला. चौघं जमले की जो मोठ्यानं बोलतो त्याचीच आठवण खरी ठरते. हातात एखादा जुना फोटो असू द्या, बोलणं आपोआप सुरू होतं. विचारून फोनवर रेकॉर्ड करा. आणि कुणी चुकीचं साल सांगितलं, तिसऱ्याचाच किस्सा आईच्या नावावर खपवला, तरी जागच्या जागी दुरुस्त करू नका. माणूस एकदा ओशाळला की पुढचं सांगत नाही. घरी येऊन वहीत टिपा: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. जुळणी नंतर.

नातवंडांना वेगवेगळं गाठा आणि धाकट्यांना आधी. मोठ्यांची ऐकली की धाकट्यांच्या आठवणी तशाच होत जातात. ती काहीतरी बिनमहत्त्वाचं सांगतील. आजी चष्मा शोधायची तेव्हा तो डोक्यावरच असायचा, आजी पत्त्यांत लबाडी करायची. तसंच उतरवून घ्या. तुमची मुलगी ज्या आजीला शोधत होती ती बहुधा अशाच वाक्यांत सापडेल.

आता वही. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त ओढ या वहीची लागली.

दादाला भीती कशाची वाटते ते समजून घ्या. त्याच्या डोक्यात आईचं जे चित्र आहे त्यात ती घरापासून काही लपवत नाही. वही त्या चित्रात बसत नाही. त्याला ‘तू चुकतोस’ म्हणून उपयोग नाही. त्याच्याबरोबर बसून वही वाचा. पान उलटत उलटत, सावकाश. हे पैसे कुठून आले असतील? घरखर्चातून वाचवलेले, माहेरून आलेले, की तिचा दुसरा काही मार्ग होता? कुणाला दिले, कुणाला एकदाच देऊन थांबली? परत आलेल्या रकमांवर खूण आहे का? व्याज लावल्याचं दिसतं का? न आलेल्या रकमा पुढच्या पानावर ओढल्या आहेत की सोडून दिल्या आहेत? एकाच बाईला पुन्हा पुन्हा का दिले? जी बाई अनेक वर्षं असे निर्णय घेते, कुणावर किती विसंबायचं हे ठरवते, मांडून ठेवते आणि याची गोष्ट त्याला, त्याची याला सांगत नाही, ती ‘साधी’ नव्हती. तिला व्यवहार कळत होता, माणसं कळत होती आणि तोंड बंद ठेवता येत होतं. यातलं एकही तुमच्या चार पानांत नाही.

चोरटेपणाचं म्हणाल, तर गुप्त ठेवणं कुणाच्या सोयीसाठी होतं हे बघा. ते स्वतःसाठी असेल. नवऱ्याला आवडलं नसतं म्हणून असेल. किंवा ज्या बायकांनी पैसे नेले त्यांच्या घरी कळू नये म्हणून तिनं स्वतःच्या घरीही सांगितलं नसेल. तिसरी शक्यता मला बरीच दाट वाटते, पण वही तुमच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही.

तर मग छापायचं का? ‘तिनं वही फाडली नाही म्हणजे तिची हरकत नव्हती’ हा युक्तिवाद मी करणार नाही. मरण सांगून येत नाही, माणसं कपाटं आवरून जात नाहीत. माझी कसोटी वेगळी आहे. छापल्यानं आज जिवंत असलेल्या कुणाचं काही बिघडतं का? इथे तुमच्या आईचं फार बिघडत नाही. पैसे घेणाऱ्या बायकांचं बिघडू शकतं. म्हणून नावं, रकमा आणि ओळख पटेल असा कुठलाही तपशील पुस्तिकेत नको. वहीच्या पानाचा फोटो तर मुळीच नको, नावं कितीही झाकली तरी गावात अक्षरावरून आणि तारखेवरून ओळखतात. पण आई अडीनडीला बायकांना पैसे द्यायची, वर्षानुवर्षं हिशेब ठेवायची आणि घरात कुणाला पत्ता लागू देत नव्हती, एवढं लिहायला काहीच हरकत नाही. दादाला हे तीन ओळींत लिहून दाखवा. वादात ऐकलेलं आणि कागदावर वाचलेलं यात फरक पडतो.

त्यातल्या एखाद-दोन बायकांना भेटता आलं तर जरूर भेटा. फक्त दारात पाऊल टाकताच आधी सांगा की पैसे मागायला आलेले नाही. हातात वही घेऊन जाऊ नका. मयताच्या मुलीच्या हातात हिशेबाची वही दिसली तर कुणाच्याही पोटात गोळा येईल, मग आठवणी कुठल्या! येणं बाकी असलेल्या रकमांचं काय करायचं हे तुम्ही भावंडांनी आधी घरात ठरवून टाका. मी म्हणेन, सोडून द्या. पण ते तिघांचं मिळून ठरलेलं असावं, नाहीतर पुस्तिका बाजूला राहील आणि भांडण पैशावर येईल.

तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात.

आधी एक साधी शंका. ‘आईनं मोडता घातला’ हे तुम्हाला कसं कळलं? तिनं तोंडानं ‘जायचं नाही’ म्हटलं असेल. पण त्या घरात असे निर्णय कोण घ्यायचं? अनेक घरांत ठरवणारा एक आणि सांगणारी दुसरी असते. वाईटपणा सांगणारीच्या वाट्याला येतो आणि जन्मभर चिकटतो. तुमच्या घरी तसंच होतं असा माझा दावा नाही. तिनंच ठरवलं असेल आणि मुलगी-मुलगा हा फरक तिनं मनापासून केलेला असेल, हेही शक्य आहे. मावशीला किंवा आत्याला विचारा. त्या वर्षीची वहीची पानंही बघा, घरात पैशाची काय स्थिती होती ते कळेल. हिशेबातून मन वाचता येत नाही, तेवढी मर्यादा लक्षात ठेवा. आणि कारण सापडलं म्हणून तुमचं दुःख रद्द होत नाही. परिस्थिती होती हे समजूनसुद्धा ‘मला पाठवायला हवं होतं’ असं तुम्ही म्हणू शकता. समजून घेण्याची शिक्षा म्हणून माफ करायलाच पाहिजे, असं काही नाही.

तुम्ही स्वतःला दोनच वाटा दिल्या आहेत, गोड खोटं किंवा कृतघ्न खरं. एका पुस्तिकेवर इतका भार टाकू नका. दोन वेगळे कागद करा. पहिला फक्त तुमचा. त्यात आईला ‘तू’ म्हणून सगळं लिहा, बाहेरगावच्या शिक्षणाचं, धाकट्या भावाचं, न बोलता काढलेल्या वर्षांचं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्याझाल्या त्यांना उलट जड वाटायचं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या असंख्य प्रयोगांत परिणाम लहानच दिसला आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. कागद कुणाला दाखवायचा नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. तो नंतर ठेवा किंवा फाडा. लिहिताना फारच कोसळायला झालं तर थांबा आणि भरवशाच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

दुसरा कागद पुस्तिकेचा. त्यात या विषयावर एक वाक्य चालेल असं मला वाटतं, तक्रारीच्या सुरात नाही आणि पांघरूण घालूनही नाही. उदाहरणार्थ: ‘मला शिकायला बाहेरगावी जाता आलं नाही, आणि त्याबद्दल आई आणि मी शेवटपर्यंत बोललो नाही. पुढे माझ्या मुलीच्या शिक्षणाची चौकशी मात्र ती प्रत्येक फोनवर करायची.’ यातलं दुसरं वाक्य मी माझ्या मनानं जोडलं आहे. तुमच्या बाबतीत ते खरं नसेल तर घालू नका. नुसतं पहिलंही पुरे. शेवट गोड करण्यासाठी म्हणून आईकडून काही वदवून घेऊ नका. आणि आत्ता हे वाक्य लिहवत नसेल तर न लिहिणं हे खोटं बोलणं नव्हे. खोटं कधी होईल? ‘तिनं मुलगा-मुलगी भेद कधीच केला नाही’ असं लिहिलंत तर. तेवढं लिहू नका.

नातवंडांना असलं कशाला कळायला हवं, असं दादा म्हणेलच. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घरच्या इतिहासावर वीस प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कुठे भेटले, घरावर कधी कोणतं संकट आलं होतं. ज्या मुलांना उत्तरं जास्त येत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. आता उत्तरं पाठ करून घेतल्यानं मुलं खंबीर होतील असं नाही. ती उत्तरं ज्या घरात येतात तिथे मोठी माणसं मुलांशी बोलत असतात, खरी गोष्ट तिथे आहे. पण त्यांचं आणखी एक निरीक्षण होतं. घराण्याची गोष्ट नुसती चढती किंवा नुसती उतरती सांगण्यापेक्षा, वर गेलो, खाली आलो, चुकलो, सावरलो अशी सांगितलेली मुलांच्या जास्त उपयोगाची असते. निर्दोष आजीकडून नातवंडांना शिकण्यासारखं काही उरत नाही.

‘आता आठ महिने झाले, जुनं उकरून काय मिळणार’ असंही कुणी म्हणेल. दुःखाच्या पाच पायऱ्या आणि शेवटी स्वीकार, हे आपण इतकं ऐकलेलं असतं की न आवरलेलं मन म्हणजे मागे पडल्यासारखं वाटतं. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. १९९६ पासून शोकाच्या अभ्यासात उलट असं मांडलं जातं की गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायचं नसतं, ते नातं वेगळ्या रूपात चालू राहतं. चालू राहतं म्हटल्यावर त्यात भांडणही आलंच. तुम्ही आज आईवर रागावला असाल तर ते तिच्याशी असलेलं नातंच आहे.

भावंडांच्या मतभेदावर माझा उपाय सोपा आहे. सगळ्यांना पटेल अशी एकच आई तयार करू नका. तिघांनी आपापलं लिहावं, आपल्या नावानिशी, दीड-दोन पानं, आणि दुसऱ्यानं त्यात हात घालू नये. दादाची आई आणि तुमची आई वेगळी निघाली तर निघू दे. थोरल्याच्या वेळची आई विशीतली होती, धाकट्याच्या वेळची तिशीतली, घरात पैसा तेव्हा वेगळा, माणसं वेगळी. वाचणाऱ्याला विरोधाभास खटकत नाही, एका छापाची तीन पानं मात्र कंटाळा आणतात. तुमच्याकडे संपादनाचं काम राहील: तारखा, नावं, नाती तपासणं. तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, जन्मसाल, शाळा कितवीपर्यंत, कोणत्या वर्षी कुठे राहायला आली, हे कोरडं वाटणारं एक पान सुरुवातीला नक्की घाला. पन्नास वर्षांनी हीच माहिती कुणीतरी शोधत असेल.

कामाच्या दोन-तीन गोष्टी, ज्या कुणाच्याही घरी लागतील. आईचा फोन आणि सिमकार्ड बंद करण्याआधी व्हॉट्सॅपवरचे तिचे आवाजी निरोप आणि फोटो बाहेर काढून किमान दोन ठिकाणी ठेवा. नंबर गेला की ते परत मिळवणं अवघड होतं. जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं ओळखणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या, फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं, अलगद. बॉलपेन नको, दाब पडून समोर वण उठतो आणि शाई झिरपते. वही स्कॅन करा आणि मूळ वही कुणाकडे राहणार ते आत्ताच ठरवा.

ज्यांची आई किंवा आजी अजून आहे अशा वाचकांनी हे पत्र वाचून हळहळत बसू नये, या आठवड्यात तिच्यासमोर फोन ठेवून बसावं. अमेरिकेत २००३ पासून ‘स्टोरीकोर’ नावाचा उपक्रम चालतो. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं चाळीस मिनिटं बोलतात आणि ते बोलणं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, जपलं जातं. आपल्याला ग्रंथालय नको आणि स्टुडिओही नको. चाळीस मिनिटांचा अंदाज मात्र चांगला आहे, त्याहून जास्त वेळ वयस्कर माणूस थकतं. ‘तुझं आयुष्य सांग’ म्हणू नका. ती म्हणेल, ‘माझं कसलं आलंय आयुष्य!’ आणि उठून कामाला लागेल. एखादी वस्तू पुढे करा, हे कुठून आलं विचारा आणि गप्प बसा. म्हाताऱ्या माणसांचं मागचं उगाळणं हा रिकामटेकडा चाळा नसून आयुष्याचा धांडोळा घेण्याची गरज असते, असं रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मध्येच मांडलं होतं. तेव्हा तुम्ही तिला त्रास देत नाही आहात.

फोटोचं. आमनेसामने बघणारा, लग्नसमारंभात काढलेला, केस चापून बसवलेला फोटो सगळ्यांना पसंत पडतो कारण त्यात कुणाला काही आठवत नाही. ज्या फोटोत ती काहीतरी करत आहे तो घ्या, चेहरा अर्धवट वळलेला असला तरी. तसा निघाला नाही तर दादाच्या पसंतीचा मुखपृष्ठावर जाऊ द्या आणि तुमचा आतल्या पहिल्या पानावर. मुखपृष्ठ त्याला दिलंत तर वहीच्या त्या तीन ओळींबद्दल बोलणं सोपं जाईल. छपाईला निदान तीन आठवडे हातात राहतील असं बघा, आणि छापायला देण्याआधी कच्ची प्रत मुलीला वाचायला द्या.